नीटनेटकं करा

हसबनीसकाकांनी दार उघडलं तेव्हा प्लेअर त्यांच्या हातातच होता, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला. मी चपला काढायच्या आधीच त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"तुम्ही फोनवर सांगितलंत तसंच केलंय. परवापासून चालूसुद्धा केलेला नाही," ते म्हणाले. "पुसलेलं परत येतं ना हो?"

"कधी कधी येतं," मी म्हणालो.

"कधी कधी." त्यांनी तो शब्द स्वतःशीच पुन्हा म्हटला. "या, आत या. आधी चहा घ्या. पाच तासांचा प्रवास करून आलात."

ही २००९ च्या फेब्रुवारीतली, मिरजेतली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि पुण्यात नोकरी करत होतो. नोकरीतून उरलेल्या वेळात मी 'दुवा' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. खिशात मावणारे गाण्यांचे प्लेअर तेव्हा घरोघरी आले होते, पण ते संगणकाला जोडायचे तर कंपनीचाच प्रोग्रॅम लागायचा, आणि लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांसाठी तो कुणीच देत नसे. दुवा ते काम करायचा. तो फुकट होता, त्याची सगळी आतली मांडणी खुली होती. कुणीही वाचावी, सुधारावी, पुढे द्यावी. जगभरातले सात-आठशे लोक तो वापरत होते, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

हसबनीसकाका त्या सात-आठशेंपैकी एक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय बासष्ट. त्यांनी आपणहून दुवामधली पडद्यावर दिसणारी सगळी वाक्यं मराठीत आणली होती. दोन वर्षं आमचा पत्रव्यवहार होता. त्यांची ईमेल 'सप्रेम नमस्कार' अशी सुरू व्हायची आणि एखाद्या शब्दावर पानभर चालायची. 'फाईल'ला मराठी शब्द हवा की नको, यावर आम्ही एक अख्खा महिना वाद घातला होता. प्रत्यक्ष भेट मात्र ही पहिलीच.

आतल्या खोलीत काकू खुर्चीवर बसल्या होत्या. गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल सैलसर बांधलेला. मांडीवर मागच्या वर्षीची डायरी आणि पेन. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. रुमालामागून श्वासाचा आवाज येत होता, तोंडातून नाही.

"स्वरयंत्र काढून टाकलं," काका म्हणाले. "आज बावीस दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, गाठ सगळी निघाली. देवाची कृपा."

मला फोनवर एवढंच कळलं होतं की प्लेअरमधलं काही महत्त्वाचं पुसलं गेलंय. ते काय, हे काकांनी चहा घेताना सांगितलं.

काकू सव्वीस वर्षं मिरजेच्या एस.टी. स्टँडवर होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, हे त्या माइकवरून सांगायच्या. गावात त्यांचा चेहरा फार कुणाला माहीत नव्हता, पण भाजीबाजारात त्या "पाव किलो गवार द्या" म्हणाल्या की चार माणसं वळून बघायची. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा त्यांनी काकांकडून हा प्लेअर मागून घेतला. त्यात आवाज टिपायची सोय होती. रोज दुपारी काकांना बाहेर पाठवून, दार लावून त्या एकट्याच त्यात बोलायच्या. अर्धा तास, पाऊण तास. असे नऊ दिवस.

"काय बोलत होत्या?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मला म्हणाली, मी सांगेन तेव्हाच ऐकायचं. मला वाटलं, ऑपरेशन झालं की." काका कपातल्या चहाकडे बघत होते. "अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी मला धास्ती वाटली. एवढंसं यंत्र, पडलं, हरवलं तर? म्हटलं संगणकावर एक प्रत काढून ठेवू. दुवा उघडला. तर तिची ध्वनिमुद्रणं पडद्यावर दिसेचनात. नुसती गाण्यांची यादी. मग ते बटण दाबलं, 'नीटनेटकं करा'. वाटलं, आवरून नीट मांडेल आणि मग दिसतील."

मी कप खाली ठेवला.

"दिसली नाहीतच. पण प्लेअरमध्ये जागा पुष्कळ दाखवायला लागला. मग तिला दवाखान्यात ऐकायला म्हणून नाट्यगीतं भरली. दीडशे गाणी. ऑपरेशनच्या आठव्या दिवशी मला राहवलं नाही. तिला न सांगता दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन कानाला लावलं. सगळीकडे गाणीच. तिचा एक शब्द नाही."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

मी माझा लॅपटॉप काढला, प्लेअर जोडला आणि कामाला लागलो. पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही. जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं खाली तसंच पडून असतं. इथे वर दीडशे गाणी लिहिली गेली होती. तरी कोपऱ्याकापऱ्यात काही उरलं असेल म्हणून मी एक शोधणारा प्रोग्रॅम चालू केला. तो सावकाश पुढे सरकत होता. काका माझ्या शेजारी स्टुलावर बसून ते आकडे बघत राहिले.

"निरंजनराव," थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक विचारू? खरं सांगा. तुम्ही मूळ इंग्रजीत 'क्लीन अप' लिहिलं होतं. त्याचं मी 'नीटनेटकं करा' केलं. तिथे 'पुसा' हवं होतं, नाही का?"

"काका..."

"नाही, नाही, ऐका. मला तेव्हा 'साफ करा' सुचलं होतं. पण ते झाडूपोछ्यासारखं वाटलं. म्हटलं शब्द घरगुती हवा, गोड हवा. शब्दाच्या हौसेपायी माझंच भाषांतर मला नडलं. मी तिला तसंच सांगितलंय. म्हटलं, माझ्या हातून झालं."

"तुमची चूक नाही हो काका," मी म्हणालो. "हे स्वस्तातले प्लेअर असतातच असे. यांचा भरवसा नसतो."

ते मी पडद्याकडे बघत म्हणालो. काकांनी नुसती मान डोलवली. त्यांना ते पटलं नव्हतं. काकूंनी मात्र खिडकीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

बारा वाजून गेल्यावर काका मेतकूट संपलंय म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. काकूंना अजून पेजच चालायची आणि त्यात मेतकूट लागायचं. दार लागलं तशा काकू उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि डायरीत लिहून ती माझ्याकडे वळवली. अक्षर टपोरं, सरळ.

'सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, गाडी थोड्याच वेळात सुटेल. खोटं कसं ऐकू येतं ते मला कळतं.'

मी वाचलं. त्यांनी डायरी ओढून घेतली आणि खाली लिहिलं.

'तुला आधी माहीत होतं?'

मी मान हलवली. हो.

मग त्यांना सगळं सांगितलं. प्लेअर स्वतःपाशी गाण्यांची एक यादी ठेवतो. माझ्या नव्या आवृत्तीतलं ते बटण, यादीत नसेल ती प्रत्येक गोष्ट कचरा समजून काढून टाकायचं. पण माइकवरून टिपलेला आवाज यादीत कधी जातच नसे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. डेन्मार्कच्या एका माणसाच्या ते लक्षात आलं. त्याने मला दोन ओळींत कळवलं: 'हे बटण दाबलं की माझी ध्वनिमुद्रणं जातात.' मी ते वाचलं. त्यावर 'नंतर' अशी खूण केली आणि बाजूला ठेवलं. त्या दिवसांत मी गाण्यांसोबत अल्बमची चित्रं दिसावीत म्हणून धडपडत होतो. चित्रं फार सुंदर दिसत होती.

"दुरुस्ती पाच ओळींची होती," मी म्हणालो. "काकांनी बटण दाबलं त्याच्या एकोणीस दिवस आधी ते पत्र आलं होतं."

काकू ऐकत होत्या. त्यांच्या गळ्यावरचा रुमाल हलत होता, आत-बाहेर. मग त्यांनी लिहिलं.

'त्यांना सांग.'

"काकू, मी पुण्याला गेल्यावर सविस्तर पत्र लिहितो. मला नीट शब्दांत..."

त्यांनी पेन कागदावर एवढ्या जोरात दाबलं की पान फाटलं.

'आज. ते झोपेतून उठून बसतात. माझी माफी मागतात. मला "असू द्या" म्हणतासुद्धा येत नाही.'

काका परत आले तेव्हा शोध संपत आला होता. नऊ ध्वनिमुद्रणांपैकी एकही सापडलं नाही. एका ठिकाणी, दोन गाण्यांच्या मधल्या फटीत, एक तुकडा उरला होता. अकरा सेकंदांचा. मी तो लावला.

"...नाही, ते नंतर सांगते. आधी मला सांगा, तुम्ही त्या दिवशी छत्री घेऊन स्टँडवर आलात ना, तेव्हा मी केबिनमधून..."

मग करकर, आणि नाट्यगीताची एक तान.

स्पष्ट, भरदार आवाज. प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. काकांच्या हातात मेतकुटाची पुडी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. काकूंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या शब्दांबरोबर.

"पुढे?" काका म्हणाले.

"एवढंच आहे."

"केबिनमधून काय?" त्यांनी काकूंकडे बघितलं. "कुंदा, केबिनमधून काय?"

काकूंनी मान हलवली. नाही. आणि माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते आठवत नाही. शाळेत उभं राहतात तसा राहिलो. आणि सांगितलं. ते पत्र, 'नंतर'ची खूण, एकोणीस दिवस, चित्रं. "तुमच्या शब्दात काही चूक नव्हती, काका. तुम्ही 'पुसा' लिहिलं असतंत तरी दोष आत होताच. आणि तो मला माहीत होता."

काका पुडी घेऊन स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. मी उभाच होतो. बऱ्याच वेळाने ते दारात आले. आवाज चढलेला नव्हता.

"आमच्या खात्यात तक्रार नोंदवली की चोवीस तासांच्या आत माणूस खांबावर चढलेला असायचा. पाऊस असो, काही असो. मी स्वतः चढलोय. कारण तार कुणाची आहे ते आपल्याला माहीत नसतं. कुणी डॉक्टरला फोन लावत असेल."

"हो."

"तुम्ही वर लिहूनच ठेवलंय म्हणा. 'हा प्रोग्रॅम कोणत्याही हमीशिवाय दिला आहे.' ते वाक्य मीच मराठीत आणलं. त्या वाक्यावर तुम्ही सुटता."

"सुटत नाही, काका."

"तो डेन्मार्कचा माणूस. त्याचं काय गेलं होतं?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"विचारा," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे वळून, "पिठलं-भात केलाय. मला एवढंच येतं. जेवून जा."

जेवताना काकूंनी माझ्या भातावर तूप वाढलं. निघताना काका अंगणापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद पुटपुटला, सवयीने असेल.

"एक करा," ते म्हणाले. "दुवामध्ये भाषांतरकार म्हणून माझं नाव आहे. ते काढून टाका. भाषांतर राहू द्या, लोकांच्या उपयोगाचं आहे. नाव नको."

दुरुस्ती मी गाडीतच केली. पाच ओळीसुद्धा नाही, चारच लागल्या. दुसऱ्या दिवशी डेन्मार्कला पत्र लिहिलं, उशिराबद्दल माफी मागितली आणि विचारलं, तुमचं काय गेलं? त्याचं उत्तर तासाभरात आलं. मुलगा घरी वाद्य शिकतो, त्याच्या सरावाचे तुकडे होते, विशेष काही नाही, दुरुस्तीबद्दल आभार. मी ते उत्तर काकांना पाठवलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी दुवा चालवला. आलेल्या प्रत्येक तक्रारीला त्याच दिवशी उत्तर दिलं. मग लोकांच्या हातात मोबाईल आले, प्लेअर कपाटात गेले, आणि माझ्या प्रोग्रॅमची कुणाला गरज उरली नाही. मी तो बंद केला. काकांचं पत्र कधी आलं नाही. दर दिवाळीला मी त्यांना चार ओळी लिहायचो. पोचत होत्या की नाही, कळत नव्हतं.

२०१७ च्या नोव्हेंबरात त्यांचा फोन आला.

"निरंजनराव, हसबनीस बोलतोय. कुंदा गेली. मागच्या सोमवारी. हृदय बंद पडलं. ते दुखणं नव्हे, ते परत आलंच नाही. तुमची पत्रं ती मला वाचून दाखवायची, म्हणून कळवलं."

"वाचून दाखवायच्या?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला माहीत नाही, नाही का? या एकदा."

मी चौदाव्या दिवशी गेलो. काका फार वाळले होते. घरात आता कुणी नव्हतं. येणारे-जाणारे संपले होते. आम्ही त्याच खोलीत बसलो. काकूंनी वर्षभर मेहनत करून नवं बोलणं शिकून घेतलं होतं, असं त्यांनी सांगितलं. हवा गिळायची आणि अन्ननलिकेतून वर आणत शब्द काढायचे. घोगरा, तुटक आवाज. लहान मुलं घाबरायची. पण त्या बाजारात जायच्या, भाव करायच्या, काकांशी भांडायच्या. आठ वर्षं त्या आवाजात संसार झाला.

"मग त्यांनी ते परत सांगितलं का?" मी विचारलं. मला विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "नऊ दिवस जे बोलल्या होत्या ते?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मी एकदा विचारलं होतं. तिला बोलता यायला लागल्यावर लगेचच. म्हटलं, आता सांग ना, केबिनमधून काय ते. छत्रीच्या दिवशी. तर हसली. म्हणाली, अहो, ते ऑपरेशननंतर ऐकायचं नव्हतंच. ते मी गेल्यावर ऐकायचं होतं. टेबलावरून उठलेच नाही तर, म्हणून बोलून ठेवलं होतं. आता आहे ना मी, मग आत्ताचं बोला." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मी म्हटलं, बरं. आणि नंतर कधी विचारलं नाही. वाटलं, आहे ना ती. घाई कसली."

मी खाली बघत होतो.

"म्हणजे ते आता ऐकायचं होतं," काका म्हणाले. "या आठवड्यात."

मला वाटत होतं, त्यांनी मला काहीतरी लागेल असं बोलावं. ते बोलले नाहीत. माझ्यावर त्यांचा राग उरला नव्हता आणि त्यांनी मला माफही केलं नव्हतं. ते नुसते समोर बसले होते, हात मांडीवर ठेवून. बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली, आणि मग काहीच गेलं नाही.

"दुपारी फार शांत होतं हो घर," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तुमची गाडी किती वाजता आहे?"

"चारला. पण मी नंतरच्या गाडीने जाईन."

"मग बोला काहीतरी."

"काय बोलू, काका?"

"काहीही. घरातलं. मुलगी आहे ना तुम्हाला? तिचं सांगा."

मी सांगायला लागलो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती भात खात नाही, कुत्र्यांना घाबरत नाही पण मांजरांना घाबरते, शाळेत जाताना रोज एकच प्रश्न विचारते. असलंच काहीबाही. मध्ये मी थांबलो की काका डोळे न उघडता हाताने खूण करायचे, पुढे. पाच वाजले, साडेपाच वाजले. घसा कोरडा पडला तरी मी बोलत राहिलो.